वरचा कप्पा

बबनरावांचा फोन पहिल्या रिंगला उचलला गेला, तेव्हाच काहीतरी चुकलंय हे मला कळलं. वीस-एक वर्षं मी त्या माणसाला फोन करत आले. फोन वाजायचा, वाजून वाजून थांबायचा, आणि मग अर्ध्या तासाने, कधी दोन तासांनी त्यांचा उलटा फोन यायचा. "गाडी बंद हाय. बोला, बाई." हे त्यांचं पहिलं वाक्य. हॅलो नाही, नमस्कार नाही. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, त्यांचा ट्रक दुसऱ्या कुणाच्या हाती गेला, तरी वाक्य काही सुटलं नाही. मी म्हणायची, "अहो बबनराव, कुठली गाडी? खुर्चीवर बसून बोलताय ना?" तर म्हणायचे, "मग खुर्ची बंद हाय. बोला." दर रविवारी सकाळी दहाला हा आमचा कार्यक्रम ठरलेला. त्या रविवारीही मी दहाला फोन लावला, स्वयंपाकघरात चहा टाकायला वळले, कारण लगेच कुणी उचलणार नाही हे माहीतच होतं... आणि पलीकडून "हॅलो" आलं. त्यांची मुलगी प्रज्ञा होती. "मावशी, पप्पा गेले," ती म्हणाली. "पहाटे, झोपेतच. तुमचा नंबर दिसला म्हणून उचलला." चहा उतू गेला तरी मी तिथेच उभी होते. फोन डब्यात नाही, तिच्या हातात आहे, एवढंच डोक्यात घोळत होतं.

डब्याचं काय ते सांगते. पण त्याआधी मी कोण ते सांगायला हवं. मी शनिवार पेठेत राहते, आणि माझी सगळी नोकरी नाना पेठेतल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात झाली. माझं काम म्हटलं तर एका वाक्याचं होतं. गाडी कुठे पोहोचली हे ड्रायव्हरला विचारायचं आणि ज्याचा माल त्याला सांगायचं. मी लागले त्याच सुमाराला शेठजींनी ड्रायव्हरांना मोबाइल दिले. त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले होते, खोटं नाही सांगत. शेठजींनी नियमही घालून दिला की तिसऱ्या रिंगच्या आत फोन उचललाच पाहिजे. आमच्या धंद्यात तेव्हा अशीच समजूत होती. जो फोन पटकन उचलतो तो जबाबदार ड्रायव्हर आणि जो उचलत नाही तो झोपा काढतोय. आज हे लिहिताना लाज वाटते, पण मीही तसंच मानत होते. आणि त्या वेळी आमच्याकडे सगळ्यांत तत्पर फोन उचलणारा ड्रायव्हर कोण होता, तर बबनराव. पहिल्या रिंगला. मी त्यांचं कौतुक करायची. बाकीच्यांना सुनवायची, "बबनरावांकडून शिका जरा."

त्यातल्याच एका दुपारी बबनरावांच्या गाडीत फरशा होत्या. कुणाच्या तरी बंगल्याच्या बाथरूमच्या फरशा. गवंडी येऊन बसले होते म्हणून बंगल्याचे मालक दर अर्ध्या तासाने मला फोन करत होते, आणि मी दर अर्ध्या तासाने बबनरावांना. चौथ्या वेळी मी फोन केला तेव्हा साडेबारा वाजले होते. पहिल्या रिंगला उचलला. मी विचारलं, "कुठपर्यंत आलात?" ते म्हणाले, "शिरवळच्या अलीकडं हाय बाई, आता बघा..." आणि वाक्य तिथेच तुटलं. आधी ब्रेकचा आवाज आला, मग काहीच नाही, आणि मग माणसांची ओरडाआरड. मी वेड्यासारखी "हॅलो, हॅलो" करत राहिले. समोरच्या घड्याळाखाली शेठजी उभे होते, ते म्हणाले, "काय झालं? रेंज गेली का?" डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन रस्त्याच्या कडेने चाललेला एक माणूस होता. शेतातून घरी निघालेला, जेवायची वेळ झालेली. दवाखान्यात नेईपर्यंत गेला. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, त्याच्या घरच्यांना पुन्हा त्रास नको. पण बबनरावांनी ते नाव जन्मभर पाठ ठेवलं होतं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण थोडक्यातच सांगवतं. शेठजींनी बबनरावांना निरोप पाठवला की फोनचं काढू नका, माणूस आडवा आला म्हणा. बबनरावांनी ऐकलं नाही. "फोन घेतला होता, नजर हटली," असं पोलिसांना सांगितलं आणि कोर्टातही तेच सांगितलं. तिथे त्यांना विचारलं, कुणाचा फोन होता? ते म्हणाले, "घरून. बायकोचा." मी त्या दिवशी कोर्टात मागच्या बाकावर बसले होते. माझे यजमान तेव्हा अंथरुणाला खिळलेले, दोन मुलं शाळेत, नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं. ऑफिसातून फोन गेला होता हे कागदावर आलं असतं, तर शेठजींनी सगळं माझ्या गळ्यात घालून मला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. बबनरावांना हे माहीत होतं. मी उठून उभी राहिले नाही. कबुली आहे म्हटल्यावर फोन खरोखर कुठून आला हे बघायला कुणी गेलं नाही. बबनरावांनी काही महिने आत काढले, आणि सुटल्यावर शेठजींनी त्यांना परत कामावर घेतलं. ऑफिसचं नाव वाचवलं ना!

ते आत असताना मी एकदाच त्यांच्या विश्रांतवाडीच्या घरी गेले. लतावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, दारातच भेटल्या. प्रज्ञा तेव्हा पाच वर्षांची, आईच्या पदराआडून बघत होती. मला वाटलं, वहिनी मला उंबऱ्याच्या आत घेणार नाहीत. त्यांनी चहा केला, बशीत बिस्किटं ठेवली. मी रडायला लागले तर म्हणाल्या, "बाई, नाव दोघींपैकी एकीचंच लागणार हुतं. माझं लागलं. माझी काय नोकरी जाणार हाय व्हय?" मग म्हणाल्या, "लोकं बोलतात, बायकोला दम निघत नव्हता म्हणून. बोलू द्या. फकस्त पोरीला मोठी झाल्यावर कसं सांगायचं ते कळंना." ते वहिनींनी कधीच सांगितलं नाही. मीही नाही. प्रज्ञा मोठी झाली ती वस्तीतल्या लोकांकडून ऐकतच, की तुझ्या आईने फोन केला आणि तुझ्या बापाच्या हातून माणूस गेला.

आता डबा. सुटून आल्यावर पहिल्या खेपेला निघताना बबनराव माझ्या टेबलापाशी आले. हातात तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा होता. वरचा कप्पा उघडून दाखवला, तर रिकामा, धुऊन पुसून कोरडा केलेला. त्यात त्यांनी मोबाइल ठेवला, वर झाकण लावलं, कडी घातली, आणि म्हणाले, "बाई, हा आता सीटच्या मागं. गाडी थांबल्याबिगर कडी काढणार न्हाई." खालच्या दोन कप्प्यांत भाकरी आणि भाजी. वहिनी रोज तसाच डबा भरून द्यायच्या, वरचा कप्पा रिकामा ठेवून. मी म्हटलं, "अहो, मग फोन सरळ बंदच करून ठेवा." तर म्हणाले, "बंद लागला तर तुमच्या जिवाला घोर. वाजू द्या. वाजतोय आन् उचलला न्हाई, म्हंजे समजायचं बबन गाडी चालवतोय." मग थांबे ठरले. शिरवळ, उंब्रज, आणि पुढे कोल्हापूरला उतरल्यावर. प्रत्येक थांब्यावरून फोन यायचा. "शिरवळला थांबलोय. गाडी बंद हाय. बोला, बाई." मी वहीत वेळ लिहायची. तिसऱ्या रिंगचा नियम होताच, शेठजी चिडले, धुसफुसले. पण त्या माणसाचा माल कधी फुटला नाही की उशिरा पोहोचला नाही, त्यामुळे पुढे पुढे गप्प बसले.

मी काय केलं, तर तोंड चालवलं. दुसरं काही करण्याची माझी लायकी नव्हती. गिऱ्हाईक विचारायचं, "तुमचा ड्रायव्हर फोन का उचलत नाही?" मी सांगायची, "कारण त्यांना दोनच हात आहेत, आणि ते दोन्ही तुमच्या मालासाठी वापरतायत." एकजण म्हणाला, "मला आत्ताच्या आत्ता कळलं पाहिजे गाडी कुठंय." मी म्हटलं, "खंबाटकी घाटात आहे. आपल्याला घाटात काही काम आहे का?" बबनरावांची चाल मला इतकी पाठ झाली होती की घड्याळ बघून मी त्यांची गाडी सांगायची आणि ती पाच मिनिटांनीही चुकायची नाही. हळूहळू बाकीच्या ड्रायव्हरांनाही मी चालत्या गाडीत फोन करणं सोडलं. टेबलावर पाटी लावली, 'गाडी चालू असताना ड्रायव्हरला फोन केला जाणार नाही. घाई असल्यास माल स्वतः न्यावा.' शेठजींनी ती दोनदा काढली, मी तीनदा लावली.

फोन हा त्यांच्या शिस्तीतला एक भाग झाला. चावी फिरवायच्या आधी बबनराव दहा मिनिटं नुसते आवरत बसायचे. आरसे, चष्मा, पाण्याची बाटली, कागदपत्रं, सगळं जागच्या जागी. चालत्या गाडीत पाणीसुद्धा प्यायचं नाही. "तहान लागली की थांबायचं. तहानंनं कुणी मरत न्हाई," म्हणायचे. तंबाखू खायचे, पण मळायची ती खाली उतरून. समोरच्या काचेवर फोटो नाही, झुरमुळ्या नाहीत, रेडिओ फक्त सपाट रस्त्याला, आणि शिरवळच्या अलीकडे तोही बंद. नव्या मालकांनी, म्हणजे शेठजींच्या मुलाने, सगळ्या केबिनमध्ये मोबाइलचे स्टँड बसवून घेतले, रस्ता बघायला म्हणून. बबनरावांनी त्या स्टँडवर आपला पंचा वाळत घातला. "लई उपेगी वस्तू हाय," असं मालकांना तोंडावर सांगितलं. एकदा ड्रायव्हरांसाठी कुणी साहेब व्याख्यान द्यायला आले होते. पडदा, चित्रं, तक्ते, तासभर चाललं. अर्धे ड्रायव्हर पेंगत होते आणि उरलेले खाली मोबाइल बघत होते. शेवटी बबनरावांना बोलायला सांगितलं. ते उठले, डबा टेबलावर ठेवला, मोबाइल आत घालून कडी लावली. म्हणाले, "माझ्या हातनं एक माणूस गेलाय. फोनवर मी एवढंच बोललो, शिरवळच्या अलीकडं हाय. ते सांगायला थांबलो असतो तरी चाललं असतं." आणि बसले. पेंगणारे जागे झाले होते. मी दाराशी उभी होते, तिथून निघून गेले.

लतावहिनी गेल्या तेव्हा प्रज्ञा बारावीत होती. सकाळी अकराला तिचा ऑफिसात फोन आला. आई मोरीत पडली, बोलत नाहीये, दवाखान्यात आणलंय, पप्पा फोन उचलत नाहीत. बबनराव कोल्हापूरहून परत येत होते. मी वही बघितली. उंब्रज नुकतंच सोडलेलं, पुढचा थांबा शिरवळ. फोन लावत राहिले. तो वाजत होता आणि मला दिसत होतं, सीटच्या मागे डब्यात वाजतोय, ते समोर बघतायत... शेवटी शिरवळच्या हॉटेलवाल्याला फोन करून सांगितलं, गाडी आली की पहिलं हे सांगा. त्याने सांगितलं. बबनराव चहा न घेता निघाले, गाडी लावून दवाखान्यात आले, तेव्हा वहिनी जाऊन पाऊण तास झाला होता. मी नंतर त्या दिवसाचा हिशोब मिनिटामिनिटाने मांडला. पहिल्या रिंगला फोन उचलला असता तरी ते पोहोचले नसते, फार तर दहा मिनिटं वाचली असती. पण प्रज्ञाला तो हिशोब नको होता, तिला बाप हवा होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "आईने एकदा फोन केला, त्याची शिक्षा तुम्ही तिला मरेपर्यंत दिलीत." बबनराव खाली फरशीकडे बघत राहिले. मी तीन हातांवर उभी होते. एका वाक्याचं काम होतं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि मी दुसऱ्यांदा गप्प बसले.

त्यानंतर बापलेकीत कामापुरतं बोलणं उरलं. ती अबोला धरणारी, ते मुळातच अबोल. कॉलेज सांभाळून डबा तीच करायची. पण तिने एक गोष्ट केली. तिन्ही कप्पे भरायला लागली. खाली भाकरी, मध्ये भाजी आणि वर गच्च भात. मुद्दाम. फोनला जागाच ठेवायची नाही. बबनरावांनी तिला एका शब्दाने काही म्हटलं नाही. ते सकाळी ऑफिसात अर्धा तास लवकर यायला लागले. बाकावर बसून तो सगळा भात खायचे, सकाळी साडेसातला, भूक असो नसो. मग अंगणातल्या नळावर तो कप्पा घासायचे, पंच्याने कोरडा करायचे, मोबाइल आत ठेवून कडी लावायचे. निवृत्त होईपर्यंत असं चाललं. मी एकदा म्हटलं, "अहो, तिला सांगा ना, वरचा रिकामा ठेव म्हणून." तर म्हणाले, "पोरगी पहाटं उठून भात करती. कसं सांगू, नगं म्हणून?"

त्याच बाकावर मी त्यांना विचारलं होतं, "प्रज्ञाला मी सांगू का? फोन माझा होता म्हणून?" ते बराच वेळ कप्पा पुसत राहिले. मग म्हणाले, "सांगून काय हुनार? फोन काय, कुनीबी करतंय. तुम्ही केला, उद्या आणखी कुनी करंल. उचलला मी. गाडी माझ्या हातात हुती." मी म्हटलं, "मग कोर्टात तरी नाव का घेतलंत वहिनींचं?" तर म्हणाले, "इचारलं म्हणून एक नाव द्यावं लागलं. ती घरची हुती, तिच्यावर माझा हक्क हुता. तुमच्यावर कुठं हुता?" थोड्या वेळाने पुन्हा स्वतःशीच म्हणाले, "पर तेबी चुकलंच." एवढंच. मला ते सुटकेसारखं वाटलं, खरं सांगते. त्यांनीच नको म्हटलंय, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. ते नको म्हणाले नव्हते. सांगून काय होणार, असं म्हणाले होते.

बबनरावांच्या पुण्यानुमोदनाला, त्यांच्याकडच्या श्रद्धांजलीच्या कार्याला, मी गेले. विश्रांतवाडीच्या त्या हॉलमध्ये त्यांचा फोटो, शेजारी लतावहिनींचा, समोर मेणबत्त्या. भंतेजींनी त्रिशरण, पंचशील दिलं, सगळे हात जोडून मागून म्हणत होते. मला पाली येत नाही, पण इतक्या वर्षांत या घरच्या कार्यांना येऊन कुठलं शील कधी येतं हे कळायला लागलं होतं. खोटं बोलणार नाही, हे चौथं. ते आलं तेव्हा माझे ओठ मिटले. बबनराव आयुष्यात एकदाच खोटं बोलले, तेही माझ्यासाठी. मग दोन-तीन नातेवाईक बोलले, आणि शेवटी प्रज्ञा उभी राहिली. खराडीला एका कंपनीत ती मोठ्या हुद्द्यावर आहे, चारचौघांत बोलायची सवय आहे तिला, पण त्या दिवशी तिने कागदावरून वाचलं. ती म्हणाली, "त्या अपघातानंतर पप्पांनी कधी चालत्या गाडीत फोन घेतला नाही. आईच्या एका फोनने त्यांचं आयुष्य बदललं. मी दोघांवरही खूप चिडले. आईवर, तिने तो फोन का केला म्हणून... आणि पप्पांवर, त्यांनी तिला माफ का केलं नाही म्हणून." लोकांनी डोळे पुसले. मी वहिनींच्या फोटोकडे बघू शकले नाही. तेवीस वर्षं त्या बाईने माझा फोन स्वतःच्या नावावर वागवला होता, गेल्यानंतरसुद्धा.

चार दिवसांनी मी प्रज्ञाच्या घरी गेले. ती ओट्यापाशी होती. डबा फळीवर, त्यांचा मोबाइल पुन्हा वरच्या कप्प्यात, बंद. निवृत्तीनंतरही तो तिथेच असायचा, म्हणून तर रविवारचा फोन उलटा यायचा. मी बसले नाही. बसले असते तर इकडचं तिकडचं बोलून उठले असते. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं; फरशा, चौथा फोन, कोर्टातला मागचा बाक, दवाखान्याचा व्हरांडा. ती वळली नाही. माझं संपल्यावर तिने विचारलं, "आईला माहीत होतं?" मी म्हटलं, "हो." "आणि तरी ती रोज वरचा कप्पा रिकामा ठेवून डबा भरायची." "हो." तिने फळीवरचा डबा खाली घेतला. मग म्हणाली, "मी तो भरायचे, मावशी. मुद्दाम. मग पप्पा फोन कुठे ठेवायचे?" मी सांगितलं. साडेसातचा भात, नळ, पंचा, सगळं. तेव्हा ती खाली बसली, ओट्याला टेकून, आणि तोंडावर हात दाबून धरला. मी पुढे झाले तर म्हणाली, "तुम्ही जा आता. प्लीज. मला आत्ता तुमच्याकडे बघवत नाहीये." जिना उतरताना मला आतून तिचा आवाज येत होता. सात वर्षांचा भात, ती म्हणत होती, सात वर्षांचा भात...

त्यानंतर मी तिला दोनदा फोन केला. वाजला, उचलला नाही. तिसऱ्यांदा केला नाही. तेवढं तरी मी बबनरावांकडून शिकले आहे. दोन रविवार गेले. दहा वाजायचे, मी फोनकडे बघत बसायची. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी बबनरावांवर चार ओळी लिहा असं एका परिचितांनी सांगितलं तेव्हा आधी नाहीच म्हटलं. मग वाटलं, वहिनींचं नाव वस्तीतल्या चार लोकांत लागलं होतं, माझं जिथे लागायचं तिथे आता तरी लागू दे. म्हणून लिहायला बसले. मात्र प्रज्ञाला वाचून दाखवल्याशिवाय हे कुणाच्या हातात द्यायचं नाही, असं ठरवलं होतं. इथपर्यंत लिहून झालं, आणि पुढे काय लिहावं ते सुचेना. ती पुन्हा कधी बोलली नाही, तर हे कागद असेच कपाटात जाणार होते.

काल रविवार. दहा वाजून गेले, साडेदहा झाले. मी पिशवी घेऊन मंडईत जायला निघाले होते, चप्पल पायात होती. फोन वाजला. प्रज्ञाचं नाव होतं. मी उचलला. पलीकडे मागे मोठ्या गाड्या जातानाचा आवाज येत होता, आणि कुणीतरी चहाचे पेले आपटत होतं. ती एकटीच गाडी घेऊन निघालेली असणार. मला वाटलं ती काही विचारेल, रागावेल... तिने घसा साफ केला.

"शिरवळला थांबलेय," प्रज्ञा म्हणाली. "गाडी बंद आहे. बोला, मावशी."

हात आपोआप पेनाकडे गेला. टेबलावरच्या याच कागदांच्या कोपऱ्यात मी वेळ लिहिली, दहा एक्केचाळीस. मग चप्पल काढली, खाली बसले, आणि पहिल्या पानापासून तिला वाचून दाखवायला लागले.